उणे सहाची फळी

१

सोमवारी सकाळी आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर एक कागद लागला आणि त्या एका कागदानं अख्खं गाव उठवलं.

कागदावर फार काही नव्हतं. कुमुश-बुलाकच्या झऱ्याच्या पाण्यात दर लिटरला ३ × १०⁻⁵ ग्रॅम सोमल सापडला. परवानगी १ × १०⁻⁵ ग्रॅमची. विष मर्यादेच्या तिप्पट, सबब गुरुवारी काँक्रीट ओतून झरा बुजवावा आणि एक्केचाळीस घरांनी खाली सपाटीवरच्या नव्या इमारतींत राहायला जावं. वर दुसरं पाणी नाही. झरा गेला की गाव गेलं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यात शनिवारी नौरूझ. वर्षाचा पहिला दिवस, ज्या दिवशी गावोगाव झरे साफ करून त्यांचे डोळे उघडतात. आम्ही दोन दिवस आधी डोळा बुजवणार होतो.

मी जुमगाल. प्रयोगशाळेची जीप चालवतो. डोंगरातल्या बाटल्या खाली आणतो, रिकाम्या वर नेतो. विज्ञान माझ्या जीपमधून बावीस वर्षं जातंय, डोक्यात मात्र कधी उतरलं नाही.

त्या सकाळी बाहेर धुकं होतं. पॉपलरच्या फांद्यांवरून बर्फ घसरत होता, आवाज न करता. मी दारात पोचलो तेव्हा झुरा आपा कागदासमोर उभी होती, हातात फडकं. आपा आमच्याकडे वीस वर्षं झाडलोट करते. ती कुमुश-बुलाकचीच; झऱ्यापासून चाळीस पावलांवर तिचा जन्म, आणि नवऱ्याची कबरही तिथंच, वरच्या अंगाला.

"जुमगाल," ती वळून न बघता म्हणाली, "बाटली तूच आणलीस ना?"

"मीच आणली, आपा. गेल्या बुधवारी."

"आणि ठेवली होतीस कुठे? नेहमीसारखी पायाशी?"

"पायाशीच नीट राहते. सीटवर ठेवली तर लवंडते."

"पाणी पायाशी ठेवणारा माणूस," ती म्हणाली. "त्याला आणखी काय विचारायचं."

मग तिनं फडकं खाली टाकलं आणि भिंतीला टेकून रडली. वीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी फडकं उचलून बादलीत टाकलं.

दुपारपर्यंत बाजारात एकच बोलणं होतं: कुणीतरी विकलं गेलंय. गेल्या उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या एका कंपनीची माणसं ती दरी बघून गेली होती. दरीत माणसं नसतील तर कंपनीचं काम सोपं, एवढं गणित मलाही जमत होतं. फेरतपासणी करा म्हणावं, तर सोमल मोजायच्या मशीनचा दिवा शनिवारी संध्याकाळीच गेलेला. नवा यायला महिना लागणार. आणि ती बाटली धुऊन रिकामी केलेली, कारण नोंद झाली की बाटल्या धुवायच्या, हा आमचा नियम.

गावच्या म्हाताऱ्यांनी राजधानीला, बिश्केकला, तार केली असावी किंवा कुणाचा तरी भाचा तिथे मोठा असावा. मंगळवारी सकाळी शेअर टॅक्सीतून एक बाई उतरली.

२

बाई उंचीनं माझ्या खांद्याला. वय साठीच्या पुढे. डोक्याला राखाडी रुमाल, हातात कापडी पिशवी. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेलं, आता सरकारसाठी पाण्याच्या तक्रारी तपासत हिंडते. नाव कालिचा. आम्ही सगळे पहिल्या पाच मिनिटांत तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायला लागलो.

ती दाराजवळच्या स्टुलावर बसायला गेली तेव्हा झुरा आपानं तिला हाताला धरून उठवलं.

"दाराशी काय बसता, एजे? लोक काय म्हणतील आम्हाला. आत या, तोरवर बसा."

दारापासून सगळ्यात लांबची जागा ती तोर. तिथे पाहुण्याला बसवतात. आमच्या खोलीत ती खिडकीखाली आहे. एजे तिथे बसली आणि पिशवीतून कुरुतच्या गोळ्या काढून सगळ्यांना एकेक वाटली. वाळवलेल्या दह्याची ही खारट गोळी तोंडात असली की माणसाला घाईनं बोलता येत नाही. हे ती मुद्दाम करते हे मला बुधवारी कळलं.

मी चहाबरोबरची भाकरी बाकावर माझ्या शेजारी ठेवली होती. आपानं ती येता जाता उचलली, कपाटावर उंच ठेवली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. "माणूस बसतो तिथे भाकरी ठेवतोय," ती पुटपुटली. एजे डोळे मिटून गोळी चघळत होती. मला वाटलं, झोपली.

"मांडणी दाखवा," ती डोळे न उघडता म्हणाली.

मांडणी म्हणजे दारापासून खिडकीपर्यंत भिंतभर गेलेली लाकडी फळ्यांची रांग. चार फळ्या. सगळ्यात वर पितळी पट्टीवर −३, तिच्याखाली −४, मग −५, आणि गुडघ्याच्या उंचीवर −६. हे ओमुर बायकेचं काम. बायके म्हणजे दादा. ओमुरझाक त्याचं पूर्ण नाव, आमचा रसायनतज्ज्ञ, सत्तरीला आलेला.

"मशीनची सुई एक ते दहाच दाखवते," बायके समजावू लागला. "किती बारीक मोजतोय ते बाजूचं बटण सांगतं. बटण उणे सहावर असेल तर बाटली उणे सहाच्या फळीवर. बाटलीच्या चिठ्ठीवर नाव आणि क्रमांकाखाली मी फक्त सुईचा आकडा लिहितो. घात फळी सांगते. आठवड्याला साठ बाटल्या असतात, एजे. प्रत्येकीवर एवढंसं घाताचं चिन्ह लिहायला गेलो तर..."

तो थांबला. डोळ्यांवर दोन चष्मे होते, एकावर एक.

"मला एक सांगा," मी मध्ये तोंड घातलं. "बाजारामागच्या नाल्याला आठ आलेत आणि झऱ्याला तीन. मग नाला सोडून झरा का बुजवायचा? आठ मोठे ना?"

शारबेक, आमचे प्रमुख, कपाळाला हात लावून दाराकडे बघू लागले. एजे मात्र हसली नाही.

"नाला कुठल्या फळीवर?"

"उणे सहा."

"आणि झरा उणे पाच. इनिम, दोन माणसांत उंच कोण हे विचारताना आधी बघावं कोण कुठल्या मजल्यावर उभा आहे. खालच्या मजल्यावरचा माणूस आठ फुटी असला तरी वरच्या मजल्यावरच्या तीन फुटी पोराचे पाय त्याच्या डोक्याच्या वर असतात. आधी घात बघायचा, घात सारखा असेल तरच पुढचा आकडा. ३ × १०⁻⁵ म्हणजे ३० × १०⁻⁶. तीस आणि आठ. आता सांग मोठं कोण."

"पण उणे सहा उणे पाचापेक्षा..."

"उणे जेवढं मोठं, तेवढा माणूस जिन्यानं खाली उतरला. खाली म्हणजे कमी."

इनिम म्हणजे धाकट्या भावा. बावीस वर्षांत मला हे कुणी समजावलं नव्हतं. खरं तर मीही कुणाला विचारलं नव्हतं.

३

एजेनं जुन्या वह्या मागवल्या. झऱ्याची नोंद दरवर्षी ऑक्टोबरात होते. यंदा नवा आदेश आला म्हणून मार्चमध्येही झाली. तिनं तीन वर्षांची पानं उघडून बाकावर शेजारी शेजारी ठेवली. ३ × १०⁻⁶. ३ × १०⁻⁶. ३ × १०⁻⁶. मग या मार्चचं पान. ३ × १०⁻⁵.

ती बराच वेळ त्या चार पानांकडे बघत राहिली. खिडकीतून येणारं धुक्याचं ऊन रिकाम्या बाटल्यांतून जाऊन पानांवर पडलं होतं, हिरवट, पाण्यासारखं हलतं. मला गुंगी आली.

"ओमुर बायके, डोळ्यांचं काय झालंय?"

बायकेनं दोन्ही चष्मे काढले. चष्म्यांशिवाय त्याचा चेहरा एकदम म्हातारा वाटला.

"मोतीबिंदू. दोन्ही. कुणाला सांगितलं नाही." तो शारबेककडे न बघता बोलत होता. "एजे, लपवत नाही. काल रात्रभर झोप नाही. बटण चुकीच्या खाचेत गेलं असणार. माझ्याच हातून. झरा माझ्या डोळ्यांनी मारला. लिहून घ्या, मी सही करतो."

झुरा आपा दारात झाडू घेऊन उभी होती. तिच्या ओठांवर शिवी आली होती ती तिनं गिळली.

एजेनं त्याच्या हातावर कुरुतची गोळी ठेवली.

"सही नंतर. आधी मला सांगा, चिठ्ठीवर तीन लिहिलं होतं?"

"तीन. सुईची जाड काळी रेघ मला अजून दिसते."

"आता समजा पाण्यात सोमल पूर्वीएवढाच आहे, तीन, उणे सहाच्या हिशेबानं. आणि बटण चुकून उणे पाचवर गेलं. सुई कुठे थांबेल?"

बायकेनं बोटानं हवेतच सुई फिरवून बघितली.

"शून्य पूर्णांक तीन," तो शेवटी म्हणाला. "जेमतेम हलेल."

"मग तुम्ही तीन लिहिलं नसतं."

"नसतं लिहिलं." त्यानं दोन्ही चष्मे परत चढवले. "बटण बरोबर होतं. एजे, बटण बरोबर होतं."

"एक तर पाण्यात विष खरंच वाढलं, नाहीतर बटण उणे सहावरच होतं. आणि वाढलं असेल, तर ते फार शिस्तीचं विष आहे. खडकातनं येणारं विष बरोबर दहापट येत नाही, बायके. पुढचा आकडा जरा तरी हलतो. बावीस होतो, अडतीस होतो. इथे तीनचे तीनच राहिले आणि फक्त मजला बदलला."

तिनं वही मिटली.

"पाणी बदललं नाही. बाटलीनं फळी बदलली. कुणीतरी ती उचलली."

४

शारबेक वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान. कोट इस्त्रीचा, बूट स्वच्छ. मागच्या महिन्यापासून फोन आला की ते अंगणात जाऊन बोलायचे. बाजारातलं निम्मं बोलणं त्यांच्यावरच होतं, आणि खोटं कशाला बोलू, माझंही.

"मला माहितीय सगळे काय म्हणतात," ते उभ्या उभ्या म्हणाले. गोळी त्यांनी घेतली नाही. "मला राजधानीत दुसरी नोकरी लागलीय. फोन त्याचे होते. कंपनीचा एक माणूस मी ओळखत नाही. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका."

"नोंद तुम्ही केलीत?"

"शनिवारी सकाळी. गुरुवारी बायके मोजतो, शुक्रवारी इथे कुणी नसतं, शनिवारी मी फळ्यांवरून वहीत उतरवतो. दारापासून खिडकीकडे, जशा बाटल्या असतील तशा."

"जशा असतील तशा," एजे म्हणाली. तिनं बोट उणे पाचच्या नोंदींवर ठेवलं. "वाचा बघू बाटल्यांचे क्रमांक."

"चार. अकरा. एकोणीस. तेहेतीस. सात."

"सात कुठली?"

"झऱ्याची." त्यांनी मान वर केली. "हे मी... हे माझ्या लक्षात नाही आलं."

मलाही नाही आलं. एजेनं बायकेला विचारलं तेव्हा उलगडलं. तो क्रमानं मोजतो आणि मोजली की बाटली दाराकडून ठेवत जातो. फळी कुठलीही असो, तिच्यावर क्रमांक चढतच जायला हवेत. सात नंबर चार आणि अकराच्या मध्ये असायला हवा होता. तो शेवटी होता, खिडकीखाली, सगळ्यांच्या पलीकडे. म्हणजे बायकेचं काम संपल्यावर कुणीतरी ती तिथे नेऊन ठेवली.

"मी ठेवली म्हणता?" शारबेकचा आवाज चढला.

"नाही म्हणत. साहेब, तुमच्या हातात पेन होतं. झरा बुडवायचा असता तर पाचचा आकडा लिहायला तुम्हाला बाटली उचलायची गरज नव्हती. बायकेच्या हातात चिठ्ठी होती, त्यालाही नव्हती. ज्याच्याकडे पेन असतं तो बाटली उचलत नाही." तिनं डोळे मिटले. "बाटली उचलणाऱ्याकडे फक्त हात होते."

खोलीत फक्त हात असलेली माणसं दोन होती. एक झुरा आपा, जिचं गाव जाणार होतं. दुसरा मी.

५

बुधवारी सकाळी काँक्रीटची गाडी अंगणात येऊन उभी राहिली. तिचा गोल पिंप रिकामाच फिरवून बघत होते, घरघर घरघर. झुरा आपा पायरीवर बसून त्या पिंपाकडे बघत होती आणि तिच्यासमोरचा चहा निवून गेला होता.

एजेनं प्रत्येकाला एकटं बोलावलं आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. एखादं पाणी वाईट आहे असं दाखवायचं असेल तर बाटली मांडणीवर कुठे ठेवाल?

"वर," शारबेक म्हणाले. "शाळेतलं पोरही सांगेल."

"वर," ओमुर बायके म्हणाला.

मग माझी पाळी. गोळी तोंडात. काल मजल्यांचं ऐकलं होतं, तरी बावीस वर्षांची सवय. "खाली," मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे वर. म्हणजे आधी मला वाटायचं खाली."

"शुक्रवारी कुठे होतास?"

"घाटात. बर्फ घसरला होता. रस्ता साफ करणाऱ्या लोकांबरोबर दिवसभर फावडं मारलं, रविवारी घरी आलो. विचारा त्यांना."

"विचारलंय," ती म्हणाली. "त्यांच्या मते तू फावडं कमी मारलंस आणि भाकरी जास्त खाल्लीस."

माझा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. कारण आता एकच माणूस उरलं होतं.

"एजे, आपा असं करणार नाही. तिचं गाव आहे ते. तिचा नवरा..."

"बोलाव तिला. आणि तूही थांब. तिला ओळखीचा माणूस जवळ लागेल."

६

झुरा आपा आली, हात ॲप्रनला पुसत. एजेनं तिला तोरवर बसवलं आणि स्वतः दाराशी स्टुलावर बसली. आपा अवघडली, पण बसली.

"आपा, वाईट पाण्याची बाटली या मांडणीवर कुठे ठेवाल?"

आपानं जराही विचार केला नाही. "खाली. बादलीशेजारी. वाईटाची जागा आणखी कुठे असणार?"

"आणि चांगल्या पाण्याची?"

"वर. हे काय विचारणं झालं?"

बाहेर पिंप फिरत होता.

"बादली नेहमी इथेच असते का, खालच्या फळीशी?"

"नाही हो. पडवीत असते. यंदा थंडीत पडवीत पाणी गोठायला लागलं म्हणून आत घेतली."

"म्हणजे ऑक्टोबरात ती बाहेर होती. आणि गेल्या शुक्रवारी तुम्ही नौरूझची साफसफाई केलीत."

"केली. कोपरा न् कोपरा. भिंती धुतल्या." आपा माझ्याकडे बघून म्हणाली, "याच्या चिखलाच्या बुटांचे डाग निघता निघेनात. आणि तिथे, खाली, त्या घाणेरड्या बादलीला लागून आमच्या झऱ्याची बाटली! चिठ्ठीवर नाव वाचलं मी. कुमुश-बुलाक. फरशीचे शिंतोडे उडालेले तिच्यावर. माझी आई त्या झऱ्याकडे पाठ करून उभी राहायची नाही कधी. मग मी पुसली आणि..."

ती तिथे थांबली. तिला अजून कळलं नव्हतं, पण कसलीतरी चाहूल लागली होती.

"आणि वर ठेवलीत," एजे हळूच म्हणाली. "तोरवर. खिडकीखाली."

"अगदी वर माझा हात पोचत नाही. आणि वरच्या दोन फळ्यांवर चामड्याच्या कारखान्याचं पाणी असतं, खाणीचं असतं. त्यांच्या पंगतीला झरा बसवू? म्हणून मधल्या फळीवर ठेवली. स्वच्छ फडकं फिरवून." आपा एजेकडे, मग माझ्याकडे बघू लागली. "का? तिथे ठेवायची नव्हती?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. एजे उठली, तिच्याजवळ गेली आणि खाली, तिच्या पायाशी बसली. तिनं फिरवून फिरवून सांगितलं नाही. पितळी पट्ट्यांवरचे आकडे दाखवले. खालची फळी सगळ्यात कमी विषाची. वरची दहापट. तिच्यावरची आणखी दहापट. इथे जितकं खाली तितकं चांगलं.

आपा त्या मांडणीकडे बघत राहिली. वीस वर्षं तिनं ती पुसली होती.

"म्हणजे खाली ठेवतात ती चांगली म्हणून?"

"हो."

"मी किती वर नेली?"

"एक फळी, आपा."

"एक फळी म्हणजे..."

"दहापट."

तिनं आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. "ज्यानं केलं त्याचे हात झडोत, असं म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "सोमवारपासून रोज म्हणतेय."

एजेनं ते हात धरले. ती काही समजूत घालत बसली नाही, नुसते धरून ठेवले. मग मान वळवून मला म्हणाली, "इनिम, अंगणात जा आणि ती गाडी बंद करायला सांग. माझं नाव सांग. ऐकलं नाही तर किल्ली काढून घे."

मी किल्लीच काढून घेतली. विचारत बसलो नाही.

७

अहवाल शारबेकनी टंकला आणि एका ओळीवर अडले.

"'बाटली आदरापोटी एक फळी वर ठेवण्यात आली.' एजे, असं सरकारी अहवालात लिहीत नाहीत. 'हाताळणीतील त्रुटी' लिहू?"

"त्रुटी मांडणीची. निम्मा आकडा चिठ्ठीवर आणि निम्मा फळीवर ठेवला तर कधीतरी त्यांची ताटातूट होणारच. ते वेगळ्या ओळीत लिहा. पण ही ओळ आहे तशी राहू द्या. तेच घडलंय."

ती ओळ राहिली. झरा बुजवण्याचा आदेश थांबला. मी वर जाऊन नवी बाटली भरून आणली, एजे ती बिश्केकला घेऊन गेली, आणि जाताना पिशवीतला उरलेला कुरुत मला दिला. "चघळत जा," म्हणाली. "बोलणं कमी होईल."

नौरूझला मी आपाला जीपमधून कुमुश-बुलाकला नेलं. ती येत नव्हती. अहवाल गावात वाचून दाखवला होता, सगळ्यांना सगळं कळलं होतं. झऱ्यावर माणसं जमली होती, मोठ्या कढईतलं गव्हाचं गोड सुमोलोक वाटलं जात होतं, पोरं धावत होती. धुकं उतरून दरीत बसलं होतं आणि वरच्या उन्हात अख्खं गाव तरंगत असल्यासारखं दिसत होतं. आपा जीपशेजारीच उभी राहिली. पाण्याजवळ जाईना.

झरा दिसला की त्याचा डोळा उघडावा, असं आमचे म्हातारे म्हणतात. हिवाळ्यात साचलेला गाळ, पानं, दगड काढायचे, की पाणी मोकळं होतं. पहिलं फावडं गावातला सगळ्यात मोठा मारतो. नव्वदीचा म्हातारा फावडं घेऊन झऱ्याकडे गेला, तिथे जरा थांबला आणि वळून तसाच जीपपर्यंत चालत आला. त्याला बराच वेळ लागला. सगळे बघत होते.

"घे," त्यानं फावडं आपाच्या हातात दिलं. "जिला आमचं पाणी जमिनीवर बघवलं नाही, तिनंच उघडावं."

"माझ्या हातांनी नको, आजा. हे हात..."

"मी तुला हात कुठले ते विचारलं नाही," म्हातारा म्हणाला. "माझी कंबर दुखतेय. घे लवकर."

तिनं घेतलं. पहिला दगड निघाला तेव्हा गढूळ पाणी आलं, मग कमी गढूळ, मग नितळ. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून रडत होती आणि दगड काढत होती, दोन्ही एकदम.

पंधरा दिवसांनी बिश्केकहून कागद आला. ३ × १०⁻⁶. मी तो वाचला आणि घात आधी बघितला.

आता ओमुर बायकेचा एक डोळा नवा झालाय आणि तो प्रत्येक चिठ्ठीवर पूर्ण आकडा लिहितो, वरच्या बारीक उण्यासकट, कुरकुरत. बादली कायमची पडवीत गेली. ऑक्टोबरात मी झऱ्याची बाटली आणली, मांडीवर ठेवून, घाटातली सगळी वळणं एका हातानं घेत. बायकेनं मोजली, चिठ्ठी लावली आणि गुडघ्याच्या उंचीवरच्या त्या शेवटच्या फळीवर ठेवायला वाकला. ठेवेना. मी बघायला गेलो.

उणे सहाच्या फळीवर, दारापासून खिडकीपर्यंत, पांढरं भरतकामाचं कापड अंथरलेलं होतं. आमच्याकडे लग्नात पाहुण्यांच्या पुढ्यात अंथरतात तसं.

झुरा आपानं बायकेच्या हातून बाटली घेतली. दोन्ही गुडघे टेकून फरशीवर बसली आणि बाटली कापडावर ठेवली. ॲप्रनच्या टोकानं पुसली.

"खालीच बस, बाई," ती बाटलीला म्हणाली. "खालीच बस."